ध्रुवीय प्रकाशाचे हौशी वेधकर्ते

ज्यांना वेतन नव्हते, पदवी नव्हती आणि कोणत्याही वेधशाळेच्या हजेरीपटावर ज्यांचे नाव नव्हते, अशा माणसांना शास्त्राचा इतिहास लिहिताना आभारप्रदर्शनात एखादी ओळ द्यावी आणि पुढे चालू लागावे, असा एक शिरस्ता पडून गेला आहे. परंतु उत्तरेकडील आकाशात हिवाळ्याच्या रात्री उजळणाऱ्या हिरव्या-तांबड्या प्रकाशाची विद्या ज्या क्रमाने आजच्या अवस्थेला पोचली, तो क्रम जो कोणी नीट लावून पाहील त्याला या एका विषयापुरता तरी हा शिरस्ता मोडावा लागेल. ध्रुवीय प्रकाशाच्या बाबतीत हौशी निरीक्षक हा शास्त्रज्ञाचा हरकाम्या कधीच नव्हता; अनेकदा प्रश्न त्याने उपस्थित केला, पुरावा त्याने जमवला, आणि क्वचित निकालही त्यानेच दिला. हा अधिकार त्याला नुसत्या पाहण्याने मिळाला नाही. पाहिलेले त्याने वेळ, दिशा आणि उंची यांच्या तपशिलासह लिहून ठेवले, म्हणून तो मिळाला. आणि ज्या ज्या पिढीत हा लिहिण्याचा नेम ढिला झाला त्या त्या पिढीत त्याचा अधिकारही उणावला, असे माझे मत आहे.

घटनेचे स्वरूप थोडक्यात असे. सूर्यापासून अखंड वाहणाऱ्या विद्युत्‌भारित कणांच्या प्रवाहाचा, म्हणजे सौर वाऱ्याचा, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राशी संबंध येतो. त्या क्षेत्राच्या रात्रीकडील लांब शेपटीत साठलेली ऊर्जा मोकळी झाली की विद्युत्कण बलरेषांच्या वाटेने ध्रुवांभोवतालच्या एका कंकणाकृती पट्ट्यात खाली उतरतात आणि वातावरणाच्या विरळ थरांतील अणूंवर आदळून त्यांना प्रकाशमान करतात. सुमारे १०० ते १५० किलोमीटर उंचीवर प्राणवायूचा अणू हिरवा प्रकाश देतो, २०० किलोमीटरच्या वर तोच अणू तांबडा प्रकाश देतो, आणि खालच्या काठाला कधीकधी दिसणारी जांभळट गुलाबी किनार नत्रवायूची असते. आता हा देखावा हजारो किलोमीटर पसरलेला, काही मिनिटांत रूप पालटणारा, आणि कोणत्या रात्री प्रकटेल याची आगाऊ वर्दी फारशी न देणारा असल्यामुळे एका ठिकाणी बांधलेली वेधशाळा, मग ती कितीही सुसज्ज असो, त्याचा एक तुकडाच पाहू शकते. आणि त्या रात्री तिच्यावर ढग आले तर तोही नाही. पुष्कळ जागी पुष्कळ डोळे असणे ही या विद्येची मूळ गरजच होय.

जुन्या नोंदींत अशा डोळ्यांचे दाखले विपुल आहेत. इ. स. पूर्व ५६७ मध्ये बॅबिलोनच्या वेधकांनी पश्चिमेकडे दिसलेली तांबडी आभा मातीच्या विटेवर कोरून ठेवली, ते लोक राजदरबारचे वेतनधारी होते हे खरे, परंतु इ. स. १२०४ च्या फेब्रुवारीत क्योतो नगरीच्या आकाशात दिसलेला तांबडा-पांढरा प्रकाश ज्याने रोजनिशीत टिपला तो फुजिवारा नो तेइका हा कवी होता. त्याला चुंबकीय वादळाची, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातील मोठ्या खळबळीची, वार्ताही नव्हती. तथापि दिवस आणि दिशा यांविषयी तो काटेकोर असल्यामुळे आठ शतकांनंतर जपानच्या संशोधकांना त्याच्या रोजनिशीवरून त्या काळच्या सूर्याच्या प्रक्षोभाची रुजुवात करता आली.

युरोपात अठराव्या शतकात विद्वानांचे लक्ष या विषयाकडे वळले. १७१६ च्या मार्चमध्ये लंडनच्या आकाशात मोठा प्रकाश दिसला तेव्हा साठीच्या उंबरठ्यावरील एडमंड हॅली यांनी त्याचा संबंध पृथ्वीच्या चुंबकत्वाशी जोडला, आणि १७४१ मध्ये उप्साला येथील सेल्सियस आणि हियोर्टर यांनी प्रकाशाबरोबर होकायंत्राची सुई हलते हे लंडनच्या ग्रॅहॅम यांच्या समकालीन नोंदींशी मुकाबला करून दाखवले. पण मला या शतकातला खरा हौशी मनुष्य वाटतो तो जॉन डाल्टन. पुढे अणुसिद्धान्तामुळे जगप्रसिद्ध झालेला हा गृहस्थ त्या वेळी उत्तर इंग्लंडमधील केंडल गावच्या शाळेत मुलांना शिकवीत होता. १७८७ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १८४४ पर्यंत, त्याने हवामानाची वही अखंड चालवली, आणि त्या वहीत ध्रुवीय प्रकाशाची प्रत्येक हकीकत स्वतंत्रपणे उतरवली. प्रकाशाचे किरण झुकाव-सुईला, म्हणजे चुंबकीय बलाचा खाली झुकणारा कल दाखवणाऱ्या सुईला, समांतर असतात आणि प्रकाशाचा चाप चुंबकीय उत्तर-दक्षिण रेषेला काटकोनात असतो, हे त्याने १७९३ च्या आपल्या पुस्तकात मांडले. पदरी सामग्री म्हणावी तर घरगुती उपकरणे आणि लेक डिस्ट्रिक्टचे वारंवार ढगाळणारे आकाश. पण नेम होता.

सूर्याच्या बाजूने पाहिले तरी हीच कथा. जर्मनीतील देसाऊ गावचा औषधविक्रेता हाइनरिख श्वाबे बुधाच्या आतल्या बाजूला एखादा ग्रह सापडतो का हे पाहण्यासाठी १८२६ पासून रोज सूर्यबिंबावरचे डाग मोजू लागला. ग्रह सापडला नाही, पण डागांची संख्या सुमारे दहा वर्षांच्या आवर्तनाने वाढते आणि घटते हे सापडले. १ सप्टेंबर १८५९ रोजी सकाळी रेडहिल येथील स्वतःच्या खासगी वेधशाळेत डागांचे चित्र काढीत असता मद्यव्यावसायिकाचा मुलगा रिचर्ड कॅरिंग्टन याला डागांवर पांढऱ्या प्रकाशाचे दोन तेजःपुंज ठिपके उमटताना दिसले, आणि त्याच क्षणी दुसऱ्या ठिकाणी रिचर्ड हॉजसन या दुसऱ्या हौशी निरीक्षकालाही ते दिसले. दोघांची टिपणे एकमेकांपासून स्वतंत्र होती म्हणूनच त्यांवर इतबार ठेवता आला. त्यानंतर सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर जे चुंबकीय वादळ उठले त्यात उष्ण कटिबंधापर्यंत ध्रुवीय प्रकाश दिसला आणि तारायंत्रांची कामे बंद पडली.

या वादळाच्या इतिहासात आपल्या मुंबईचे नाव कायमचे नोंदले गेले आहे. ज्या कुलाबा वेधशाळेत त्यापूर्वीच्या काळात केरूनाना छत्रे यांनी नोकरी केली होती, तेथील कर्मचारी चुंबकमापकाचे वाचन ठरावीक वेळी डोळ्यांनी घेऊन वहीत मांडीत असत, आणि वादळाच्या वेळी थोड्याथोड्या अंतराने घेत. त्यामुळे २ सप्टेंबर १८५९ रोजी मुंबईत चुंबकीय बलाचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लाने खाली गेल्याची नोंद उरली. ट्रामच्या विजेमुळे वाचने बिघडतील म्हणून हे काम १९०४ च्या सुमारास अलिबागेस हलवण्यात आले. पण जुने दप्तर जपले गेले, आणि २००३ साली अमेरिकन, ब्राझिली आणि मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील संशोधकांनी त्यावरूनच त्या महावादळाचे मोजमाप जगापुढे ठेवले. कॅरिंग्टनने सूर्यावर जे पाहिले त्याची पृथ्वीवरची खतावणी कुलाब्यास झाली, असे म्हणण्यास हरकत नाही.

उत्तर युरोपात हौशी निरीक्षकांचे जाळे विणले ते मात्र एका शाळामास्तराने. डेन्मार्कहून येऊन नॉर्वेतील बर्गन येथे शिकवणाऱ्या सोफुस ट्रॉमहोल्ट याने १८७८ पासून उत्तर युरोपभर छापील प्रश्नपत्रे धाडून, कोणी कोठे, किती वाजता, आकाशाच्या कोणत्या भागात काय पाहिले याची माहिती मागवण्यास प्रारंभ केला. एका माणसाने टपालाच्या जोरावर हे चालवले, हे वाचून त्याच्याविषयी आदर दुणावतो. १८८२-८३ च्या आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्षात तो उत्तर नॉर्वेतील काउतोकेइनो या सामी लोकांच्या वस्तीत हिवाळाभर जाऊन राहिला. सुमारे शंभर किलोमीटरवरील बोसेकोप येथे नॉर्वेच्या पथकाची वेधशाळा होती, आणि एकच प्रकाश दोन्हीकडून एकाच वेळी पाहून त्रिकोणमितीने त्याची उंची काढावी अशी त्याची तजवीज होती. प्रकाशाची छायाचित्रे घेण्याचा त्याचा प्रयत्न तेथे फसला, कारण त्या काळच्या काचा इतक्या मंद उजेडाला दाद देत नव्हत्या. म्हणून त्याने आकाशाची रेखाटने केली आणि दिवसा सामी स्त्री-पुरुषांची छायाचित्रे घेतली. ती छायाचित्रे २०१३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृतिसूचीत समाविष्ट झाली. नॉर्वेतील १८७८ पर्यंतच्या सर्व ज्ञात प्रकाशदर्शनांची सूची त्याने तयार केली होती. ती त्याच्या मृत्यूनंतर १९०२ मध्ये छापून निघाली आणि सौरचक्रांच्या अभ्यासकांना आजही ती लागते.

पुढे मार्टिन ब्रेंडेल यांनी १८९२ मध्ये पहिले छायाचित्र मिळवले, क्रिस्तियन बिर्केलांड यांनी निर्वात पेटीत चुंबकीय गोलकावर कृत्रिम प्रकाश पाडून दाखवला, आणि कार्ल स्टॉर्मर यांनी दूरध्वनीने जोडलेल्या ठाण्यांवरून एकाच क्षणी छायाचित्रे घेऊन हजारो बिंदूंची उंची काढली. ही व्यावसायिक शास्त्राची दालने असून त्यांचा इतिहास अन्यत्र सुलभ आहे.

हौशी परंपरेने आपली शिस्त कशी बांधली हे पाहणे अधिक उपयुक्त, कारण ते फारसे कोणी सांगत नाही. ब्रिटनमधील निरीक्षकांचा नमुना घ्या. वेळ ग्रिनिचची लिहायची. रूप ठरावीक संज्ञांतच सांगायचे: क्षितिजाजवळचा नुसता उजेड, चाप, वळणे घेणारा पट्टा, किरण, विखुरलेले डाग, सर्वत्र पसरलेली झिलई, किंवा डोक्यावर सर्व किरण एका बिंदूत मिळून होणारा किरीट. तेजाच्या चार पायऱ्या: पहिली आकाशगंगेइतकी, दुसरी चांदण्यात उजळलेल्या तंतुमेघांइतकी, तिसरी चांदण्यातील राशिमेघांइतकी, आणि चौथी, जिच्यात जमिनीवर सावल्या पडतात. चापाच्या खालच्या काठाची उंची कोनमापकाला ओळंबा बांधून अंशांत मोजायची, आणि हा आकडा सर्वांत मोलाचा. हिरव्या चापाचा खालचा काठ १०० किलोमीटरवर असतो असे धरले, तर तो क्षितिजापासून १० अंशांवर दिसत असल्यास निरीक्षकापासून सुमारे साडेचारशे किलोमीटर दूर असलेल्या गावाच्या माथ्यावर आहे, आणि क्षितिजाला टेकलेला असल्यास सुमारे अकराशे किलोमीटर दूर आहे, हे पृथ्वीच्या वक्रतेवरून निघते. ज्याच्यापाशी ओळंबा आणि घड्याळ आहे तो माणूस एका आकड्याने नकाशावर रेघ ओढू शकतो.

ढगांच्या रात्री काय करायचे याचेही उत्तर या मंडळींनी शोधले. मुरंब्याच्या काचेच्या बरणीत बारीक दोऱ्याने लहानसा चुंबक टांगावा, त्याला आरशाचा कपचा चिकटवावा, त्यावर दिव्याचा बारीक झोत सोडावा आणि परावर्तित ठिपका समोरच्या भिंतीवरील पट्टीवर पडू द्यावा. वादळ उठले की चुंबक किंचित वळतो आणि ठिपका पट्टीवर सरकतो. अशा बरण्या ब्रिटनमधील कित्येक निरीक्षकांच्या घरी असत. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात एडिनबरा येथे जेम्स पेटन यांनी आणि कॉर्नेल विद्यापीठात कार्ल गार्टलाइन यांनी अशाच स्वयंसेवकांच्या हजारो टिपणांची व्यवस्था लावली. जहाजांवरील अधिकाऱ्यांचाही त्यांत भरणा होता, कारण समुद्रावर वेधशाळा बांधता येत नाही.

त्यानंतर उपग्रह आले, सबंध आकाश एका भिंगात टिपणारे स्वयंचलित कॅमेरे आले, आणि हौशी डोळ्याची गरज संपली असे जाणत्यांनाही वाटू लागले. ही समजूत खोटी ठरवणारी घटना कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात घडली.

तेथील हौशी छायाचित्रकार कित्येक वर्षे एका अरुंद, फिकट जांभळ्या, पूर्व-पश्चिम आकाशभर ताणलेल्या पट्ट्याची छायाचित्रे घेत होते. तो नेहमीच्या प्रकाशाच्या दक्षिणेस, एकटाच दिसे, आणि प्रोटॉनांमुळे तो उमटतो अशी त्यांची समजूत होती. २०१६ मध्ये कॅल्गरी विद्यापीठाचे एरिक डोनोव्हन आणि अमेरिकेच्या नासा संस्थेतील एलिझाबेथ मॅकडोनाल्ड यांची या मंडळींशी गाठ पडली तेव्हा डोनोव्हन यांनी स्पष्ट सांगितले, की प्रोटॉनांचा प्रकाश इतका अंधुक आणि पसरट असतो की तो डोळ्यांना असा दिसणार नाही. मग हे काय आहे, याचे उत्तर मात्र त्यांच्यापाशीही नव्हते. निरीक्षकांनी त्याचे नाव गमतीने ‘स्टीव्ह’ ठेवले. छायाचित्रांच्या वेळा आणि दिशा चोख असल्यामुळे युरोपच्या स्वॉर्म उपग्रहांपैकी एक नेमका त्या पट्ट्यातून पार झाल्याचे शोधता आले, आणि ३०० किलोमीटर उंचीवर तेथे तापमान ३००० अंशांनी चढले होते, सुमारे २५ किलोमीटर रुंदीचा वायूचा ओघ सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर वेगाने पश्चिमेकडे धावत होता, असे उघड झाले. २०१८ च्या मार्चमध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले, त्यात हौशी मंडळी सहलेखक होती. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासात २००८ सालच्या अशाच एका प्रसंगाची छाननी झाली आणि त्या वेळी वरून कणांचा वर्षाव होत नव्हता असे आढळले, म्हणजे रूढ अर्थाने हा ध्रुवीय प्रकाशच नव्हे. स्वयंचलित कॅमेऱ्यांनी २००८ सालीच तो टिपला होता! चित्रे दप्तरात पडून होती. काय शोधायचे ते ठाऊक नसल्यामुळे ती कोणी उघडून पाहिली नव्हती.

फिनलंडमधील प्रसंग याहून बोधप्रद आहे. हेलसिंकी विद्यापीठाच्या मिन्ना पाल्मरोथ या प्राध्यापिका ध्रुवीय प्रकाशाच्या रूपांची ओळख करून देणारे पुस्तक हौशी निरीक्षकांच्या साहाय्याने लिहीत होत्या. चित्रांची वर्गवारी करताना समांतर लहरींचे एक हिरवे रूप कोणत्याच वर्गात बसेना, तेव्हा ते बाजूला ठेवण्यात आले. पुस्तक प्रसिद्ध झाल्यावर थोड्याच दिवसांनी, ७ ऑक्टोबर २०१८ च्या रात्री, ते रूप पुन्हा आकाशात उमटले आणि निरीक्षकांनी प्राध्यापिकेला तत्काळ कळवले, इतकेच करून ते थांबले नाहीत, तर नैर्ऋत्य फिनलंडमधील लाइतिला आणि रुओवेसी या दोन गावांहून एकाच वेळी घेतलेली छायाचित्रेही त्यांनी पुरवली. पार्श्वभूमीतील तारे ओळखून दोन्हीकडील दिशा काढल्या, आणि उंची सुमारे १०० किलोमीटर व दोन लहरींमधील अंतर सुमारे ४५ किलोमीटर निघाले. ट्रॉमहोल्टने काउतोकेइनोत जी रीत योजली होती तीच ही रीत. वाळवंटातील टेकड्यांशी साम्य असल्यामुळे या रूपाला ‘टिब्बे’ म्हणतात, आणि वातावरणाच्या मधल्या थरातील लाटा त्यामुळे दृश्य होत असाव्यात असा २०२० च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या निबंधाचा निष्कर्ष आहे. त्या थरात फुगे पोचत नाहीत आणि उपग्रह टिकत नाहीत, हे लक्षात घेता या शोधाचे मोल कळेल.

१० आणि ११ मे २०२४ च्या महावादळात जपानी नागरिकांनी पाठवलेल्या शेकडो नोंदींवरून तेथे दिसलेल्या किरमिजी प्रकाशाचा माथा सुमारे १००० किलोमीटरपर्यंत पोचला होता असे र्यूहो काताओका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. त्यांतील पुष्कळ चित्रे साध्या मोबाइलवर घेतलेली होती. डोळ्यांप्रमाणे कानांच्या साक्षीचेही तेच. ध्रुवीय प्रकाशाचा आवाज ऐकू येतो, या उत्तरेकडील लोकांच्या जुन्या जबानीला विद्वान शतकभर हसत आले. आल्तो विद्यापीठाचे उंतो लाइने यांनी अशा आवाजांचे ध्वनिमुद्रण करून ते सुमारे ७० मीटर उंचीवरील हवेच्या थरातून येतात असे मांडले आहे. सर्वांचे समाधान त्याने झालेले नाही, परंतु साक्षीदारांची साक्ष न तपासता फेटाळण्याचे दिवस गेले, हे इष्टच झाले.

एवढे सांगितल्यावर दोषही सांगितले पाहिजेत. आजचा कॅमेरा काही सेकंदांचा उजेड साठवतो, आणि मंद प्रकाशात मानवी डोळ्याला रंग नीट कळत नाहीत. त्यामुळे डोळ्याला राखाडी ढगासारखा दिसलेला चाप पडद्यावर झगझगीत हिरवा होऊन येतो, आणि रंग आणखी चढवून, कडा कापून, वेळेचा पत्ता न ठेवता तो जगभर फिरतो. अशा चित्राला सौंदर्य असेल, पुरावा म्हणून त्याची किंमत शून्य. पूर्वीच्या निरीक्षकाला चित्र काढता येत नसे म्हणून तो शब्द आणि अंश लिहीत असे. आताच्याला चित्र आयते मिळते म्हणून तो लिहीत नाही, आणि ही हानी मला खरोखर गंभीर वाटते. पर्यटनाचीही तीच गत. ट्रॉम्सो, आबिस्को, यलोनाइफ येथे आता महाराष्ट्रातूनही सहली जातात, प्रवासी आनंदाने परततात, पण त्या हजारो रात्रींतून शास्त्राच्या पदरात क्वचितच काही पडते.

महाराष्ट्रातून हा प्रकाश दिसण्याची आशा धरणे व्यर्थ, तरी अशक्य नव्हे. ४ फेब्रुवारी १८७२ च्या वादळात तो मुंबईहून दिसल्याचे त्या वेळच्या वृत्तपत्रात नमूद आहे, आणि मुंबई-एडन तारेचे कामही त्या वेळी विस्कळीत झाले होते. इतक्या दक्षिणेस दिसतो तो उंचावरचा तांबडा भाग. ४०० किलोमीटर उंचीवरची आभा सुमारे २२०० किलोमीटरवरूनही क्षितिजावर दिसू शकते. लडाखमध्ये हानले येथील सुमारे ४५०० मीटर उंचीवरच्या वेधशाळेच्या कॅमेऱ्याने एप्रिल २०२३ मध्ये आणि पुन्हा मे २०२४ मध्ये अशीच तांबडी आभा टिपली. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आणि मुंबईचे खगोल मंडळ १९८५ पासून हौशी निरीक्षक घडवीत आहेत. त्यांच्या सभासदांना हानले दूर असले तरी श्वाबेचे काम, म्हणजे पडद्यावर सूर्यबिंब पाडून रोज डाग मोजणे, घरच्या गच्चीवर करता येते. दुर्बिणीतून सूर्याकडे थेट कधीही पाहू नये, एवढे पथ्य पाळावे.

कॅनडा, स्कॉटलंड, नॉर्वे, फिनलंड येथे आता पुष्कळ मराठी कुटुंबे स्थायिक आहेत, आणि हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. प्रकाश दिसला तर कॅमेऱ्याचे घड्याळ आधी सेकंदापर्यंत जुळवून घ्यावे, चित्रात ओळखू येतील असे तारे येऊ द्यावेत, मूळ चित्र न कापता, न रंगवता जपून ठेवावे, आणि सोबत उभे राहण्याची जागा, दिशा आणि डोळ्याला प्रत्यक्ष काय रंग दिसला ते लिहावे. नोंद तेथील खगोल संस्थेकडे किंवा मॅकडोनाल्ड यांनी सुरू केलेल्या अरोरासॉरस या नागरिकांच्या उपक्रमाकडे पाठवावी. आणि वादळाच्या रात्री आकाश निरभ्र असूनही काही दिसले नाही, तर तेही वेळेसह कळवावे, कारण प्रकाशाची दक्षिण सीमा ठरवताना त्या नोंदीचीही तितकीच गरज पडते.